हा खेळ घ्यावा का?

मैत्रिणींनो, ‘हॉलो नाइट’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ घ्यायचा म्हणून लेक मागे लागलीय. दहावीचं वर्ष, म्हणून आधी नीट बघितला. ऑस्ट्रेलियातल्या ‘टीम चेरी’ने २०१७ मध्ये काढलेला. किड्यांचं उजाड राज्य, त्यात आपण चिमुकला योद्धा. नकाशासुद्धा विकत घ्यायचा बरं का! मेलो की शेवटच्या बाकावर परत. कमावलेले पैसे मात्र मेलो तिथेच. ते आणायला जाताना पुन्हा मेलो, तर गेलेच! सोपी पातळी निवडायची सोयच नाही. मग ‘अर्ध्या तासात ऊठ’ म्हटलं तर पोर उठेल कशी? म्हणून परीक्षेपर्यंत नाही, सुट्टीत नक्की, असं ठरलंय. रुसलीय जरा. सुट्टीत दुपारची कामं आटोपली की मीही खेळून बघणार आहे.