बॅटचे लाकूड : इंग्लिश, काश्मिरी आणि 'पॉप्युलर'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विदर्भाच्या संघाने २०१७-१८ च्या हंगामात इंदूरला दिल्लीचा पराभव करून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा मिळवला. यातले दोन अंतिम सामने तर जामठ्याला, म्हणजे आपल्या नागपूर-वर्धा रस्त्यावरच झाले. तेव्हापासून वर्ध्यातल्या घराघरांत बॅटचा हट्ट वाढला आहे. मुलगा किंवा मुलगी टेनिसचा चेंडू सोडून चामड्याच्या चेंडूने खेळू लागली, की वडील दुकानात जाऊन म्हणतात, "चांगली दाखवा." दुकानदार तीन बॅटी पुढे ठेवतो. दिसायला जवळपास सारख्या, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मी विज्ञानाचा शिक्षक. शाळेच्या संघाचे सामानही माझ्याच ताब्यात असे. त्यामुळे हा फरक कशाचा, हे पालक मला विचारीत.

फरक आहे लाकडाचा. बॅटचे पाते केवळ लाकडाचेच असावे, असा क्रिकेटचा नियम आहे. १९७९ साली पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यावरून मोठा वाद झाला आणि त्यानंतर हा नियम स्पष्ट शब्दांत आला. लाकूड कोणते, हे मात्र नियम सांगत नाही. मग विलोच का? आपल्या सागाची फळी टिकाऊ, पण चेंडू खेळायला जड. धुऱ्यावरची बाभूळ तर त्याहून जड. तिची बॅट म्हणजे कपडे धुण्याची मोगरीच. विलो हलका असतो, तंतुमय असतो आणि आघात झाला तर फुटण्याऐवजी दबतो. हलकेपणा आणि चिवटपणा एकाच लाकडात सापडणे दुर्मिळ. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज हा याच कुळातला, पण बॅटसाठी लागणारा विलो तो नव्हे.

इंग्लिश विलो प्रामुख्याने इंग्लंडच्या पूर्वेकडील एसेक्स, सफोक या ओलसर परगण्यांतून येतो. साधारण पंधरा-वीस वर्षांत झाड तोडणीला येते. ओंडका पाचर मारून उभा फाडतात, त्या फाका वाळवतात आणि मग रुळांखाली दाबतात, कारण मूळ लाकूड फारच मऊ असते. इथे एक गंमत आहे. 'इंग्लिश विलो' लिहिलेली बॅट इंग्लंडमध्ये बनलेली असते असे नाही. फाका तिकडून येतात आणि बॅट घडते आपल्या मेरठला किंवा जालंधरला.

काश्मीर खोऱ्यात ब्रिटिश अमदानीत विलोची लागवड झाली. आज अनंतनाग जिल्ह्यात संगम, बिजबेहारा या भागात श्रीनगर-जम्मू रस्त्याच्या कडेला विलोच्या फाकांच्या उंच थप्प्या रचलेल्या दिसतात. कुळ तेच, पण माती आणि हवा वेगळी. त्यामुळे हे लाकूड अधिक घट्ट, वजनाला थोडे जास्त आणि रंगाने किंचित तपकिरी. इंग्लिश विलोवरून चेंडू जसा उसळून जातो, तसा यावरून जात नाही. पण मार खाण्यात हे लाकूड कमी नाही, आणि शिकणाऱ्या मुलाच्या हातून चेंडू बॅटच्या मध्यापेक्षा कडेवरच जास्त बसतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

तिसरी बॅट सर्वांत स्वस्त. तिच्यावर मोठ्या दिमाखात 'पॉप्युलर विलो' लिहिलेले असते. हा विलो नव्हेच. हे पॉपलरचे लाकूड. पंजाब, हरयाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकरी जे झाड प्लायवूडसाठी लावतात, तेच. पॉपलरचे 'पॉप्युलर' कोणी केले कोण जाणे, पण व्यापाराला ते सोयीचे ठरले. गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळायला ही बॅट चालेल. चामड्याच्या चेंडूपुढे ती टिकत नाही.

पात्यावरच्या उभ्या रेषांवरून बॅट पारखतात. प्रत्येक रेष म्हणजे झाडाच्या वाढीचे एक वर्ष. रेषा जास्त आणि सरळ असल्या की बॅट लवकर 'खुलते', म्हणून ती महाग; पण तिचे आयुष्य बहुधा कमी असते. सहा-सात रुंद रेषांची बॅट खुलायला वेळ घेते आणि पुष्कळ दिवस साथ देते. रेषांचे हे मोजमाप इंग्लिश विलोला लागू पडते. काश्मिरी लाकडात त्या अनेकदा पुसट असतात.

बांबूचे काय, असे वर्ध्यात कोणीतरी विचारणारच. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने बांबूची घरेसुद्धा बांधून दाखवली आहेत. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली खरोखरच बांबूची बॅट केली. ती विलोपेक्षा कडक आणि ताकदवान निघाली. पण नियम सांभाळणाऱ्या मेरिलबोन क्लबने सांगितले, की बांबू हे गवत आहे, लाकूड नव्हे. आपल्या वन कायद्यातूनही २०१७ साली बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळले. तिथे ते शेतकऱ्याच्या फायद्याचे ठरले, इथे बांबूची विकेट गेली.

विलो ओल्या थंड प्रदेशातला, आणि आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. कोरड्या हवेत लाकडातला ओलावा उडतो आणि पात्याला भेगा पडतात. माझ्या पाहण्यात जितक्या बॅटी चेंडूने मोडल्या, त्याहून जास्त टिनाच्या छपराखाली तडकल्या. यावर उपाय जवसाचे तेल. ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो, तोच जवस. घाणीचे कच्चे तेल घ्यावे. रंगाच्या दुकानातले 'डबल बॉइल्ड' नको. चमचाभर तेल फडक्याने दर्शनी भाग, कडा, पाठ आणि तळाला पातळ लावावे आणि बॅट आडवी ठेवावी. मुठीच्या त्रिकोणी सांध्याला तेल लागू देऊ नये, तिथला डिंक सुटतो. पात्यावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर तेवढा भाग सोडावा. मात्र तेलात बुडवलेली बॅट जड होते आणि तिचा दम जातो. त्यानंतर लाकडी हातोडीने हलके हलके, काही तास ठोकणे आलेच, मग बॅट इंग्लिश असो वा काश्मिरी.

मग घ्यावी कोणती? मूल वाढत्या वयाचे असेल, वर्षा-दीड वर्षात बॅटचा आकार बदलावा लागणार असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : काश्मिरी घ्या. इंग्लिशसाठी कर्ज किंवा उसनवारी करू नका. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, रोज चामड्याच्या चेंडूचा सराव सुरू झाला आणि उंची स्थिरावली, की मग रुंद रेषांची साधी इंग्लिश बॅट पाहावी. दुकानात मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट उचलून समोर सरळ धरायला सांगा. मनगट खाली झुकले, तर लाकूड कोणतेही असो, ती बॅट परत ठेवा आणि हलकी मागा.