ओटीपी सांगितला नाही, तरी खातं रिकामं

माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे. भिवंडीच्या या गोदामपट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला ई-चलान नवं नाही. फसवणारे हेच हेरतात. व्हॉट्सॲपवर दंडाची नोटीस येते, खाली 'आरटीओ चलान' नावाची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल असते. दंड किती, हे बघायला चालक ती उघडतो.

"मी ओटीपी कुणाला दिलाच नाही, मग पैसे जातील कसे?" हा सगळ्यांत घातक गैरसमज. असं ॲप फोनमध्ये शिरताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. घाईत 'अलाउ' दाबलं की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो, आपल्याला तोंडही उघडावं लागत नाही. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी तर त्याहून वाईट. ही सोय मुळात अंध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे, पण तिच्या जोरावर ॲप स्क्रीनवरचं सारं वाचतं, आपल्या वतीनं बटणंही दाबतं. प्राप्तिकराच्या परताव्याचा मुखवटा घातलेल्या अशाच 'ड्रिनिक' ॲपबद्दल सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २०२१ मध्येच इशारा दिला होता. त्याचं लक्ष्य २७ हून जास्त भारतीय बँकांचे ग्राहक होते.

फाइल ओळखीच्या माणसानं पाठवली म्हणून ती खरी, असंही धरू नका. त्याचा फोन ताब्यात गेला असेल, तर त्याच्याच नावानं ती सगळ्या ग्रुपवर फिरते. खात्यात पैसे नसलेल्याचा फोनही चोराला म्हणूनच हवा असतो.

प्ले स्टोअरवरचं ॲप तुलनेनं सुरक्षित खरं, पण 'जोकर' हा घातक प्रोग्राम २०१७ पासून तिथल्या ॲपमध्येही पुन्हापुन्हा सापडला. टॉर्चच्या ॲपला एसएमएस कशाला वाचायचे, हा प्रश्न तिथंही विचारायलाच हवा.

आणि "गेले ते गेले" हेही खरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. पिन देण्यासारखी चूक आपली असली, तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून लाजेपोटी गप्प बसू नका. फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच कळवा. चलान बघायचं असेल, तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः गाडी नंबर टाकून बघा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नका.