एकच संच की वेगवेगळी साधने?

जुन्या पेढीवर रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी आणि मालाची वहीही वेगळी असे. तरीही हिशेब जुळत असे, कारण या सर्व वह्यांना जोडणारा दिवाणजी एकच असे. वह्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. पण दिवाणजीचे हे सांधण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न सुटलेला नाही. हिशेब, विक्री, साठा, पगार या सर्वांना सामावून घेणारा सॉफ्टवेअरचा एकच संच घ्यावा, की प्रत्येक कामासाठी त्या कामात तरबेज असे स्वतंत्र साधन घ्यावे, हा पेच लहानमोठ्या प्रत्येक उद्योगापुढे आज उभा आहे. तो बहुधा किमतीच्या पत्रकावरून सोडविला जातो आणि तेथेच गफलत होते.

अर्थशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणीची महती सांगितली. वेगवेगळ्या साधनांची बाजू घेणारे नकळत स्मिथचाच आधार घेत असतात. रोनाल्ड कोझ याने १९३७ मध्ये नेमका उलटा प्रश्न विचारला : बाजारात सर्व काही सुटेसुटे विकत मिळत असताना उद्योगसंस्था मुळात निर्माणच का होतात? त्याचे उत्तर असे की, प्रत्येक व्यवहार जुळवून आणण्यास खर्च येतो आणि तो फार वाढला की कामे एका छपराखाली आणणे स्वस्त पडते. सॉफ्टवेअरच्या निवडीलाही हाच न्याय लागू पडतो. साधनाची किंमत पावतीवर दिसते. दोन साधनांमधील सांध्याची किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणावी. समजा, तेथे बिले एका साधनात तयार होतात, हिशेब दुसऱ्यात ठेवला जातो आणि मालाची नोंद तिसऱ्यात होते. दिवसाला साठ बिले निघतात आणि एक बिल पुन्हा टंकलिखित करण्यास तीन मिनिटे लागतात, असे धरले तरी दिवसाचे तीन तास होतात. पंचवीस दिवसांच्या महिन्यात पंचाहत्तर तास. हा खर्च मालकाला दिसत नाही, कारण तो कारकुनाच्या पगारात दडलेला असतो. शिवाय पाच कोटी रुपयांवर उलाढाल असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून इतर उद्योगांना दिलेली बिले सरकारी संकेतस्थळावर नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. बिल एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे असला, की हा क्रमांक जुळविण्याचे आणखी एक काम वाढते.

मग एकच संच घेतला की काम भागले काय? तसेही नाही. तयार संच म्हणजे तयार कपडे. माप अंगाशी जुळलेच पाहिजे असे नाही. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ मध्ये सॅप या जर्मन कंपनीची एकात्मिक प्रणाली बसविण्यास प्रारंभ केला. मालाचे मूल्य खरेदीच्या भावाने मांडण्याची लिडलची रीत होती, तर प्रणालीची मूळ घडण विक्रीच्या भावावर बेतलेली होती. रीत बदलण्यापेक्षा प्रणालीत फेरबदल करीत राहण्याचा मार्ग पत्करला गेला आणि अखेर २०१८ मध्ये सुमारे पन्नास कोटी युरो खर्चून झाल्यावर, असे वृत्तपत्रांनी सांगितले, तो प्रकल्प गुंडाळावा लागला.

दुसरे टोकही तितकेच बोलके आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या प्रणाली एकदमच सुरू केल्या आणि त्याही हॅलोवीनच्या ऐन हंगामाच्या तोंडावर. माल गोदामात होता, मागणीही होती. पण मागणीची नोंद आणि माल यांची गाठ पडेना. सुमारे दहा कोटी डॉलरांच्या मागण्या पुरविता आल्या नाहीत. लिडल मापाच्या प्रश्नावर अडखळली, हर्शी सांध्यावर आणि घाईवर. एकाच मार्गाला सर्वकाळ श्रेष्ठ ठरविणाऱ्यांनी या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

संचाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. 'या संचाबरोबर हे साधन फुकट' असे सांगितले जाते तेव्हा त्याची किंमत संचाच्या भावात मिसळलेली असते आणि स्पर्धकाचे साधन सरस असूनही महाग भासते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिस संचाला टीम्स हे साधन जोडले, याविरुद्ध स्लॅक या कंपनीने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने टीम्सविरहित संच कमी किमतीत देण्याची मायक्रोसॉफ्टची हमी बंधनकारक केली. बलाढ्य ग्राहकांच्या बाजारपेठेतही या निर्णयास पाच वर्षे लागली. मग लहान कारखानदाराने स्वतःच दक्ष राहावे हे बरे.

यातून एक व्यवहार्य सूत्र निघते. जी कामे सर्व धंद्यांत सारखी असतात, म्हणजे हिशेब, कर, पगार, बिले, ती एकाच तयार संचात असावीत. तेथे वेगळेपणाने काही साधत नाही. ज्या कामात उद्योगाचे स्वतःचे कसब असते तेथे मात्र खास साधन घ्यावे. फाउंड्रीत प्रत्येक ओतकामाच्या रसाचे रासायनिक प्रमाण आणि नापास मालाचे कारण यांची नोंद महत्त्वाची. सर्वसाधारण संचाला ती भाषा अवगत असेलच असे नाही. खरेदीपूर्वी दोन गोष्टी मात्र लेखी मागाव्यात. सांधा निखळल्यास जबाबदार कोण? आणि उद्या साधन सोडावयाचे झाल्यास सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय? ज्याच्या वह्या दुसऱ्याच्या कुलपात आहेत, त्याला भाववाढ नाकारता येत नाही.

या सर्व चर्चेत ज्याला क्वचितच विचारले जाते तो म्हणजे साधन प्रत्यक्ष वापरणारा कारकून. बंगळुरूत १९८६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचे टॅली हे साधन देशभर रुजले, त्याचे एक कारण ते येणारी माणसे गावोगावी मिळू लागली हे आहे. माणसांचे कौशल्य हेही भांडवलच होय. तेव्हा विक्रेत्याचे प्रात्यक्षिक मालकाच्या खोलीत न होता हिशेबाच्या टेबलावर व्हावे आणि एकच आकडा किती वेळा लिहावा लागतो, ते तेथे मोजले जावे. निवडीचा निर्णय त्या मोजणीनंतर घेतलेला बरा.