पिंपरी-चिंचवड परिसरातील घरगुती ऊर्जाबचत

पिंपरी-चिंचवड परिसरातील घरगुती ऊर्जाबचत म्हणजे पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड महानगर आणि त्याला लागून असलेला चाकण औद्योगिक पट्टा येथील कुटुंबांनी व गृहनिर्माण संस्थांनी वीज, इंधन व पाणी यांचा वापर कमी करण्यासाठी केलेले लहान-मोठे बदल होत. या परिसरात पाणी उपसणे, इमारतीत वर चढवणे आणि तापवणे या तिन्ही कामांना वीज लागते. त्यामुळे येथे पाण्याची बचत आणि विजेची बचत हे दोन विषय परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे भोसरी, आकुर्डी व चिंचवड येथे आणि त्यानंतर खेड तालुक्यातील चाकण येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. कारखान्यांपाठोपाठ वस्तीही वाढत गेली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. शहरास व चाकण पट्ट्यास महावितरण कंपनी वीज पुरवते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता व भारनियमन नित्याचे झाले होते. २००६ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी एक वेगळी योजना राबवण्यात आली. मागणीच्या ऐन वेळी कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवावीत आणि त्यामुळे मोकळी झालेली वीज शहराला मिळावी, असे तिचे स्वरूप होते. या महागड्या विजेचा अधिभार दरमहा ३०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांवर टाकण्यात आला नाही. ही योजना ‘पुणे प्रारूप’ या नावाने ओळखली गेली. घरातील वापर आणि कारखान्यातील वीज ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे या योजनेमुळे स्पष्ट झाले.

पाणी आणि वीज

शहराचा मुख्य पाणीपुरवठा मावळ तालुक्यातील पवना धरणातून होतो. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेत येथील बंधाऱ्यापर्यंत येते. तेथे ते पंपांनी उचलून निगडी येथील जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या आंदोलनावेळी पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर योजनेचे काम थांबले. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला.

दिवसाआड पाणी येत असल्याने इमारतींत पाणी प्रथम जमिनीखालील टाकीत साठवले जाते व नंतर पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. एक हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढवण्यास, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरल्यास, सुमारे ०.१६ युनिट वीज लागते. शंभर सदनिकांच्या संस्थेत प्रत्येक घरी रोज ५०० लिटर पाणी वापरले जात असेल, तर केवळ या कामासाठी महिन्याला सुमारे २४५ युनिट वीज खर्च होते. टँकर मागवावा लागल्यास त्यात डिझेलची भर पडते. नवे पाणी आले की साठवलेले ‘शिळे’ पाणी ओतून देण्याची सवय अनेक घरांत आढळते. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका दिवसात निरुपयोगी होत नाही. ते पिण्यासाठी नको असल्यास धुणे, फरशी व झाडे यांसाठी वापरता येते. नळाच्या तोंडाशी एरेटरची जाळी बसवणे, गळका फ्लश वेळीच दुरुस्त करणे आणि जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरणे, हे अल्प खर्चाचे अन्य उपाय होत.

घरातील वीजवापर

पाणी तापवणे: एक लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ०.०३ युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात प्रत्येकी २० लिटर गरम पाणी धरल्यास दिवसाला २.३ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ७० युनिट वीज लागते. शॉवरखाली दहा मिनिटांत ८० ते १०० लिटर पाणी सहज जाते. म्हणजे एका व्यक्तीच्या शॉवरस्नानास संपूर्ण कुटुंबाच्या बादलीस्नानाएवढी वीज लागू शकते. म्हणूनच गिझरऐवजी सौर बंब बसवणे हा घरातील सर्वांत परिणामकारक बदलांपैकी एक मानला जातो.

पंखे: जुना छतपंखा सुमारे ७५ वॉट, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट वीज घेतो. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर तारांकन असणे बंधनकारक आहे.

वातानुकूलन: ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले येतात. सोबत पंखा मंद गतीने चालवल्यास तेवढाच गारवा जाणवतो.

अन्य उपकरणे: सतत एक वॉट वीज घेणारे उपकरण वर्षाला सुमारे ८.८ युनिट खर्च करते. मोबाइलचा चार्जर काढून ठेवल्याने होणारी बचत त्यामुळे नगण्य असते. याउलट, रिमोटने ‘बंद’ केलेला दहा वॉटचा सेट-टॉप बॉक्स महिन्याला सुमारे सात युनिट वापरतो. असे उपकरण भिंतीवरील बटणाने बंद करणे अधिक उपयुक्त ठरते.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढतात. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत व दुसरा ३०० युनिटांपर्यंत असतो. वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतात. त्यामुळे १३० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवल्यास त्याचे देयक वापराच्या प्रमाणापेक्षा अधिक घटते.

इंधन आणि ओला कचरा

कडधान्ये भिजवून कुकरमध्ये शिजवणे, झाकण ठेवणे व उकळी आल्यावर आच मंद करणे या जुन्या सवयींनी गॅस वाचतो. पुण्यातील समुचित एन्व्हायरो टेक आणि डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेली आरती ही संस्था यांसारख्या संस्थांनी घरगुती इंधनाच्या क्षेत्रात काम केले आहे. खरकट्यावर व पिठावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी आरती संस्थेस २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

शहराचा कचरा मोशी येथील कचरा डेपोत जातो. तेथील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. ओल्या कचऱ्यात पाणी अधिक असल्याने तो नीट जळत नाही. म्हणून घरातच त्याचे खत केल्यास वाहतुकीचे इंधन वाचते व ज्वलनासाठी उरणाऱ्या कचऱ्याचा दर्जाही सुधारतो.

गृहनिर्माण संस्था

पंप, उद्वाहक आणि जिन्यातील दिवे यांचे देयक संस्थेच्या सामाईक मीटरवर येते. गच्चीवरील एक किलोवॉटच्या सौर संचास सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व त्यातून महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत वैयक्तिक घरास कमाल ७८,००० रुपये, तर संस्थेच्या सामाईक सुविधांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. पंप दुपारी चालवल्यास सौर वीज तेथल्या तेथे वापरली जाते.

मर्यादा

ऊर्जाबचतीचे बहुतेक मोठे उपाय स्वतःची गच्ची व स्वतःचा मीटर असणाऱ्यांसाठी आहेत. भोसरी, महाळुंगे व चाकण येथील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराला सौर संच बसवता येत नाही. वीज भाड्यातच धरलेली असल्यास बचतीचा लाभही घरमालकास मिळतो. अशा कुटुंबासाठी खोली बदलताना सोबत नेता येतील असे बदल, म्हणजे कमी वॉटचा पंखा व एलईडी दिवे, अधिक व्यवहार्य ठरतात.

पाळीच्या कामाचाही यात विचार करावा लागतो. रात्रपाळी करून आलेली व्यक्ती दिवसा झोपते. पत्र्याच्या खोलीत त्या वेळी उष्मा सर्वाधिक असतो, त्यामुळे पंखा बंद ठेवण्याचा सल्ला तेथे लागू पडत नाही. पत्र्यास बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग दिल्यास खोलीतील उष्णता कमी होते, परंतु हा खर्च घरमालकाच्या संमतीवर अवलंबून असतो. दिवसा वीज वापरणाऱ्या या घरांना गच्चीवरील सौर वीज सर्वाधिक उपयोगी पडू शकते. मात्र त्यांपैकी बहुतेकांच्या ताब्यात गच्ची नसते.