सांडपाण्याचे पुढे काय?

मोरीतून पाणी बाहेर पडले की आपला त्याच्याशी संबंध संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. पाणी मात्र संपत नाही. ते नालीतून उताराकडे जाते, खोलगट जागी साचते आणि मुरत मुरत एखाद्या विहिरीला मिळते. वरच्या आळीची मोरी आणि खालच्या आळीची विहीर यांचे हे नाते आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

कामरगावासारखे कारंजा तालुक्यातील गाव घेऊ. येथे कारभार ग्रामपंचायतीचा; तिने शहरासारखी यंत्रे कोठून चालवावीत? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले. त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे हजार वस्तीमागे रोज ४४,००० लिटर! नळ आला, की नालीचा विचार करावाच लागतो.

हे पाणी शुद्ध करतात ते सूक्ष्म जीव. पाण्यातील मळ व अन्नकण हे त्यांचे खाद्य. मात्र त्यांना प्राणवायू हवा. तो सरला की पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून, जीवांनी भरलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरला आणि हे काम काही तासांवर आणले. कितीतरी शहरांतील केंद्रे याच तत्त्वावर चालतात. पण वीज गेली की हवा थांबते.

लहान गावाला हीच हवा ऊन देऊ शकते. सुमारे दीड मीटर खोल तळ्यात सांडपाणी काही दिवस राहू दिले, तर उन्हात हिरवे शेवाळ वाढते. ते प्राणवायू देते, त्यावर जीव मळ खातात. नागपूरच्या ज्या संशोधनसंस्थेला आज आपण 'नीरी' म्हणतो, तिची स्थापना १९५८ सालची. तिने १९७० साली अशा तळ्यांच्या रचनेवर व निगेवर पुस्तकच काढले. वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही. जागा मात्र भरपूर लागते, आणि काठचे गवत न काढल्यास डास होतात.

घरापुरता उपाय शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून उघड्या नाल्या व डास हटविले. खड्ड्यात वरच्या बाजूस भोके असलेली टाकी ठेवतात. गाळ टाकीत बसतो, पाणी भोवतालच्या दगडांतून मुरते. पण काळी माती भिजली की फुगते आणि पाणी शोषत नाही. म्हणून आपल्याकडे खड्डा मुरमापर्यंत न्यावयास हवा. त्यात संडासाचे पाणी सोडू नये, आणि विहिरीजवळ तो खणू नये.

खड्डा एका दिवसात खणून होतो. गाळ मात्र वेळोवेळी काढावा लागतो. बांधताना उत्साह असतो, उपसताना कोणी पुढे येत नाही. गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात खराटा हाती घेतला, तो एका दिवसाच्या समारंभासाठी नव्हे. तळे असो वा खड्डा, त्याची निगा कोणी व कोणत्या पैशातून राखावयाची, हे ग्रामसभेने खोदकामाआधी ठरवावे. नाही तर वरच्या आळीची सोय होईल, आणि तिची किंमत खालच्या आळीतील मुले आजारपणाने भरतील.