आठव्या पानावरचा इशारा

७ जुलै २०१७. मध्यरात्र होत आलेली. एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान १४० जणांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होते. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना उजवी धावपट्टीच डावी वाटली आणि तिच्या पलीकडच्या टॅक्सीवेला धावपट्टी समजून त्यांनी विमान खाली आणले. त्या टॅक्सीवेवर चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी होती. जमिनीपासून जेमतेम ६० फुटांपर्यंत येऊन विमान पुन्हा वर गेले, म्हणून मोठा अनर्थ टळला. डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना मिळाली होती. २७ पानांच्या कागदपत्रांत, आठव्या पानावर.

अशा सूचनेला नोटॅम म्हणतात. मुंबईच्या धावपट्ट्या ९ मे २०२४ रोजी पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीसाठी सहा तास बंद होत्या. ते नोटॅममुळे बरेच आधी कळल्याने विमान कंपन्यांना वेळापत्रक बदलता आले. पण उड्डाणापूर्वी वैमानिकापुढे येतो तो ढीग. दूरवरची क्रेन, बिघडलेला दिवा आणि बंद धावपट्टी, सगळे टेलिप्रिंटरच्या काळातल्या संक्षेपांत, एकाच ठशात. त्याने सूचना देणाऱ्याची जबाबदारी उरकते, माहिती मात्र पोहोचतेच असे नाही.

वाचणे हे वैमानिकाचे कामच आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानेही या वैमानिकांनी सूचना नीट पाहिल्या नाहीत, असेच नोंदवले. मात्र त्याच मंडळाने ही माहिती मांडण्याच्या पद्धती तज्ज्ञांकडून तपासून घ्या, महत्त्वाचे आधी येऊ द्या, अशी शिफारसही केली. थकलेल्या माणसाची नजर कुठे अडखळते, हे ठरवूनच कागद तयार व्हायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एखादी सूचना गाळली आणि नेमका तिथेच अपघात झाला तर? पण गाळायचे काहीच नाही, क्रम लावायचा आहे. विमानाचा मार्ग आणि उतरण्याची वेळ संगणकाला ठाऊकच असते. त्या वेळी बंद असलेली धावपट्टी तो पहिल्या ओळीत आणू शकतो, क्रेन खाली राहू द्यावी. शिवाय नोटॅम तीन महिन्यांहून अधिक काळ चालू ठेवू नये आणि कायमचा बदल अधिकृत माहिती पुस्तिकेत जावा, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहेच. जुन्या सूचना तेवढ्या निकाली काढल्या तरी ती २७ पाने बरीच कमी होतील.