मांडणी आधी की माणसे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवे सर लाभले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मैदानावरच्या ओल्या मातीत काटकीने दहा ठिपके काढले आणि म्हणाले, "आजपासून मागे तीनच राहतील." मी शाळेपासून उजव्या कडेचा विंगर, त्या चित्रात माझा ठिपका पंधरा पावले मागे सरकला होता. माझ्या मागे खेळणारा फुलबॅक, माझा जिवलग मित्र, त्याचा ठिपका तर कोठेच नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पण सरांपुढे बोलणार कोण? महिनाभर राखीव बसून मित्राने मैदानावर येणे बंद केले आणि तो संध्याकाळी मामाच्या गॅरेजात जाऊ लागला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. नव्या प्रशिक्षकाला एखादी मांडणी प्रिय असते. पण हाताशी असलेला संघ तिच्यात बसेल की नाही, हे ओळखावे कसे? कोल्हापुरात फुटबॉल हा पेठापेठांचा आणि तालमीतालमींचा जिव्हाळ्याचा विषय असल्याने चहाच्या गाड्यावर ही चर्चा नेहमीच रंगते. मात्र उदाहरण मी इंग्लंडमधील घेणार आहे, कारण तेथे या प्रश्नाची दोन अगदी विरुद्ध उत्तरे पाहावयास मिळाली.

प्रथम मांडणीविषयी थोडे. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांची मागून पुढे मोजणी केली की ४-४-२ किंवा ३-४-३ असे आकडे मिळतात. मागे चार असले की प्रत्येक कडेला सहसा दोन माणसे असतात, मागे फुलबॅक आणि पुढे विंगर. ३-४-३ मध्ये पुढच्या फळीतील कडेचे दोघे आत सरकतात आणि संपूर्ण कड एकट्या विंग-बॅकवर येते. त्याने चढाईतही दिसावे आणि बचावातही. मधल्या फळीच्या मध्यभागी दोघेच उरतात; त्यांना मैदानाची रुंदी राखावी लागते. मागच्या तिघांपैकी बाहेरच्या दोघांना प्रसंगी कडेपर्यंत धावून जावे लागते. म्हणजे संघ पारखताना तीन प्रश्न विचारावेत: कडेला दमदार माणसे आहेत काय? मध्यभागी दोघे पुरतील काय? आणि मागे मोकळ्या जागेत न घाबरणारे तिघे आहेत काय?

आता चेल्सीचे उदाहरण पाहू. २०१५-१६ च्या हंगामात हा संघ दहाव्या क्रमांकावर घसरला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात इटलीचे अंतोनियो कॉन्टे प्रशिक्षक म्हणून आले. युव्हेंटसला लागोपाठ तीन वेळा विजेतेपद मिळवून देणारे कॉन्टे मागे तीन बचावपटू ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते. तरीही त्यांनी आल्याआल्या आपली मांडणी लादली नाही. सुरुवात चौघांनीच केली. पुढे लिव्हरपूलकडून पराभव झाला, आणि २४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलने मध्यंतरापूर्वीच तीन गोल चढविले. त्याच सामन्याच्या उत्तरार्धात कॉन्टे तिघांवर आले. त्यानंतर चेल्सीने लीगमधील लागोपाठ तेरा सामने जिंकले. त्यांतील पहिल्या सहांत तर एकही गोल खाल्ला नाही. हंगामाअखेर ३८ पैकी ३० विजय आणि ९३ गुण मिळवून संघ विजेता ठरला.

परंतु खरी गंमत आकड्यांत नाही, माणसांत आहे. व्हिक्टर मोझेस हा विंगर. चेल्सीने त्याला तीन वेगवेगळ्या संघांकडे उसना पाठविला होता. कॉन्टे यांनी त्याच्यात उजवा विंग-बॅक पाहिला. आस्पिलिकुएटा हा फुलबॅक. उंची बेताची, पण चपळ आणि सावध. त्याला मागच्या तिघांत उजवीकडे घेतले. मध्यभागी कांते आणि मॅटिच हे दोन न थकणारे गडी होतेच. डाव्या कडेला अलोन्सो नव्याने विकत घेतला होता. हॅझार्डचे मागे धावणे कमी झाले आणि त्याचा खेळ फुलला. शिवाय त्या वर्षी चेल्सीला युरोपीय स्पर्धा नसल्याने सरावाला वेळ मिळाला. अर्थात किंमतही मोजावी लागली. कर्णधार जॉन टेरी आणि इवानोविच यांच्यासारख्या जुन्या शिलेदारांच्या जागा गेल्या.

याउलट मँचेस्टर युनायटेडचे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, भर हंगामात, रुबेन अमोरिम तेथे आले. पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगला दोनदा विजेतेपद मिळवून देणारी ३-४-३ मांडणी त्यांनी पहिल्या सामन्यापासूनच लावली. संघ मात्र चौघांच्या बचावासाठी जमविलेला होता. डाव्या कडेला कित्येकदा उजव्या पायाचा दालो खेळला. डावा विंग-बॅक डोर्गू फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घ्यावा लागला. युरोपा लीगही सुरू असल्याने सरावाला सवड नव्हती. संघ ४२ गुणांसह पंधरावा आला, आणि जानेवारी २०२६ मध्ये अमोरिम यांना जावे लागले. मांडणी तीच, पण एका ठिकाणी ती माणसे पारखून बेतली गेली, दुसऱ्या ठिकाणी माणसांना तिच्यात कोंबावे लागले.

मग 'माणसे आधी' एवढेच म्हणून थांबावे काय? मला तसे वाटत नाही. हा खेळाडू आजवर कोठे खेळला, एवढेच पाहिले असते तर मोझेस पुन्हा उसनाच गेला असता. त्याच्या अंगी काय आहे, हे पाहणारा कोणीतरी हवा असतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. येथे आलो तेव्हा माझी जागा कोणती हे मलाही ठाऊक नव्हते. म्हणून ही गोष्ट मला विशेष पटते.

हे सारे उमगल्यावर सरांवरचा माझा रागही निवळला. त्यांची मांडणी चुकीची नव्हती. विंग-बॅक म्हणून मी रुळलोही आहे. पण त्यांना आम्हाला ओळखण्यास वेळ मिळाला नव्हता, आणि आम्हीही तोंड उघडले नव्हते. गेल्या महिन्यात धीर करून मी म्हणालो, "सर, तो मागच्या तिघांत उजवीकडे चालेल. उंच नाही, पण चुकत नाही." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उद्या त्याला बूट घेऊन यायला सांग."

तो आला. पुढील हकीकत याच अंकातील जिमखाना अहवालात वाचावी.